अनुभव सांगा: समुद्रकाठचं आधुनिक कलेचं म्युझियम

कोकमसार
काल माळा आवरताना सासूबाईंच्या पाककृतींच्या वहीत एक पोस्टकार्ड सापडलं. करड्या पाण्यात कलंडलेली होडी, आल्फ्रेड वॉलिसचं चित्र. सेंट आइव्हजला घेतलेलं. मग कसलं आवरणं, तिथेच शिडीवर बसले.

इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधलं हे कोळ्यांचं गाव. सेंट अर्थला गाडी बदलायची, पुढची छोटी गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते (जाताना उजवीकडची खिडकी पकडा). टेट सेंट आइव्हज हे म्युझियम 1993 साली उघडलं, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर. म्हणून दर्शनी भाग गॅसच्या टाकीसारखा गोल. समोर पोर्थमिअरचा किनारा, लाटांवर फळ्या घेऊन पडणारी पोरं.

सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं, घरची होडी होती. मॉडर्न आर्ट म्हणजे सांडलेला रंग, हे त्यांचं मत गाडीतच ऐकवून झालं होतं. पहिल्या दोन दालनांत माझ्या पर्सचा पट्टा धरून मुकाट चालल्या. वॉलिसपाशी मात्र थबकल्या. हा माणूस आधी समुद्रावर होता, मग भंगारचा धंदा केला. बायको गेल्यावर, सत्तरीच्या आसपास, एकटेपणा घालवायला चित्रं काढायला लागला. मिळेल त्या पुठ्ठ्यावर, होड्यांना लावायच्या रंगाने. पुठ्ठा वाकडा तर चित्रही वाकडं. सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवून कडेला नाक नेलं. "ही कडा कातरीन कापलीहा गो."

होडी एवढी मोठी आणि घरं काडेपेटीएवढी, हे कसं समजावायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "होडी तेची. घरां लोकांची."

तुम्ही गेला असाल अशा कुठल्या ठिकाणी तर लिहा. चित्रातलं कळलं नसेल तरी चालेल.

निवांत
सेंट आइव्हज म्हटलं की मला सीगल आठवतो. पेस्टी घेतली होती, म्हणजे आपल्या करंजीची दांडगी थोरली बहीण, आत चीज-कांदा. बाकावर बसून कागद उलगडला, मागून पंख कानाला लागला आणि हातात नुसता कागद. बायको इतकी हसली की तिची पण गेली. म्युझियममध्ये उपाशीपोटी शिरलो, त्यामुळे कलेविषयी मत राखून ठेवतो.

बंडूची आई
कोकमसार, सासूबाईंना नमस्कार सांगा!
आमचं टेट राहूनच गेलं, तिथल्याच शिल्पकार बार्बरा हेपवर्थच्या घरी गेलो. 1949 पासून तिने तिथे काम केलं आणि 1975 मध्ये तिथेच आगीत गेली बिचारी. बागेत शिल्पं तिने मांडली तशीच. कामाच्या खोलीत छिन्न्या, हातोडे, खुंटीला मळके डगले, जणू बाई आत्ता चहाला उठून गेल्यात. मला तिथे उगाच भरून आलं.
बंडू तेव्हा पाच वर्षांचा. "आई, एवढ्या चांगल्या दगडाला भोक का पाडलं?" मी वाकून बघितलं तर भोकाच्या पलीकडून एक आजोबा आमच्याकडेच बघत होते. बंडूने हात हलवला, त्यांनीही हलवला. उत्तर द्यायची वेळ टळली.

वरवंटा
आमच्या आळीत पाट्याला टाकी लावणारी बाई यायची. तिच्या टाकीची नक्षी बघितली असती हेपवर्थने तर पाया पडली असती. बास एवढंच, मीटिंग आहे.

चिमणचारा
डेन्मार्कला लेकीकडे असताना हुमलेबेकच्या लुइझियाना म्युझियमला तीनदा गेले. अमेरिकेशी संबंध नाही. मूळ घरमालकाच्या तिन्ही बायकांचं नाव लुइझ, म्हणून ते नाव. तिन्ही बायका! लेकीला म्हटलं, बरं झालं, रात्री झोपेत चुकीचं नाव घ्यायची भीती नाही. 1958 साली क्नुड येन्सन नावाच्या चीजच्या धंद्यातल्या माणसाने म्युझियम केलं. जाकोमेत्तीचे काटकुळे पुतळे आहेत, मागे काचेतून तळं आणि झाडी. मला ते पुतळे एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचे वाटले. पण खरं सांगू, हिरवळीवर बसून पलीकडचा स्वीडन बघायचा, डब्यातला ढोकळा खायचा. पेन्शनरांना दुसरं काय हवं.

अर्धा चहा
@चिमणचारा 😂 एकादशी!
म्युझियम नाही पण कोचीची बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, चालेल का? ॲस्पिनवॉल हाउस, जुनं मसाल्याच्या व्यापाऱ्याचं आवार, अगदी पाण्यालगत. आत व्हिडिओ चालू, बाहेर मालवाहू जहाज सरकतंय, लोकांची पाठ व्हिडिओकडे. बाबांना गुडघ्याचा त्रास. एका खुर्चीवर टेकले तर स्वयंसेवक धावत आला, ती कलाकृती होती. बाबा वैतागून म्हणाले, मग त्यावर बसू नये असं लिहा की!

बंडूची आई
अगं गुडघ्याला काय करतात बाबा? माझ्या आईचा पण सुरू झालाय.

अर्धा चहा
व्यायाम. फिजिओने दिलेत, ते करतात म्हणे. आम्ही समोर असलो की.

पाणंद
गोव्याला जाल तर पिळर्ण्याचं म्युझियम ऑफ गोवा बघा. 2015 पासून आहे, सुबोध केरकरांचं. ते आधी डॉक्टर. औद्योगिक वसाहतीत आहे, त्यामुळे आमचा रिक्षावाला दोनदा विचारून खात्री करत होता, "कारखान्यातच ना?" शिनाणे म्हणजे शिंपल्यांतून केलेली कामं आहेत. आमची काकू जवळ जाऊन म्हणाली, खाल्ली कोणी एवढी?

निवांत
वॉलिसबद्दल एक राहिलं. शेवटी तो अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमात वारला, 1942 साली. थडगं म्युझियमच्या वरच्या टेकडीवर आहे, समुद्राकडे तोंड करून. बर्नार्ड लीच या कुंभाराने त्यावर फरशा बनवल्यात, दीपगृहाच्या दारात एक लहानसा माणूस. पेस्टीच्या दुःखात मी तिथवर चढलो होतो.

कोकमसार
@निवांत, आम्ही नाही चढलो हो वर. हे माहीत असतं तर सासूबाई चढल्या असत्या, गुडघे काही का म्हणेनात.

वरवंटा
मीटिंग संपली. मग सासूबाईंनी चित्रं काढली का नाही?

कोकमसार
नाही. पण कॅलेंडरची पाठकोरी पानं आजही फेकू देत नाहीत. आधीही देत नव्हत्या म्हणा.

चिमणचारा
पोस्टकार्ड वहीत कुठल्या पानावर होतं?

कोकमसार
कुर्ल्यांच्या कालवणाच्या. पानाला हळदीचा डाग, तो होडीला पण लागलाय.

पाणंद
मग चित्र राहू दे, ते कालवण टाका इथे.

कोकमसार
रात्री टाकते. कुकरच्या चार झाल्या.