मदत हवी आहे: कोविडनंतर पायाच्या धमनीत गुठळी, आता ताप आला की रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची का?

नमस्कार मंडळी,

बाबांबद्दल (वय ६८) विचारायचं आहे. मे २०२१ मध्ये त्यांना कोविड झाला. ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला नाही, म्हणून घरीच होते. अकराव्या दिवशी ताप उतरला आणि त्याच रात्री डावी पोटरी ठणकायला लागली. पेटका असेल म्हणून आईने तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी दिली. पहाटे मी हात लावला तर गुडघ्याखाली पाय माठासारखा गार, बोटं निळसर, अंगठा हलेना.

साताऱ्याहून तडक पुण्याला नेलं. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) मांडीच्या धमनीत गुठळी दिसली. जांघेत छेद देऊन, टोकाला फुगा असलेली बारीक नळी आत सारून ती ओढून काढली. पाय वाचला, दोन बोटं गेली.

सर्जननी नंतर समजावलं, की विषाणूमुळे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. शिरेत गुठळी झाली तर पाय सुजतो, लाल आणि गरम होतो. धमनीत झाली तर गार आणि पांढरा पडतो, आणि मग हातात जेमतेम सहा तास असतात. हे आधी ठाऊक असतं तर आमची ती रात्र तेल चोळण्यात गेली नसती. कुणाच्या घरी असं दिसलं तर कृपा करून सकाळची वाट बघू नका.

हे फक्त कोविडचंच नाही. फ्लूनंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट वाढतो, असं कॅनडातल्या ऑन्टारिओच्या रुग्णांवरच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणून साध्या तापानेही आमच्या पोटात गोळा येतो.

आता अडचण अशी. बाबा रोज अ‍ॅस्पिरिन ७५ ही रक्त पातळ करणारी गोळी घेतात. परवापासून ताप आहे, प्लेटलेट १ लाख १० हजार, डेंग्यूचा रिपोर्ट यायचाय. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाची भीती, म्हणून फॅमिली डॉक्टर बंद करा म्हणतात. सर्जननी मात्र बजावलं होतं, मला विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. ते गावाला गेलेत, फोन लागत नाही.

अशा वेळी तुमच्याकडे निर्णय कुणी घेतला? हृदयरोगतज्ज्ञांनी, की रक्तविकारतज्ज्ञांनी? बंद केली असल्यास प्लेटलेट किती झाल्यावर परत सुरू केली? सातारा-पुण्यात लगेच भेटतील असे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन माहीत असतील तर कळवा. गोळी आम्ही डॉक्टरांना विचारूनच बदलू, पण नेमकं कोणाला आणि काय विचारायचं ते तरी कळेल. उद्या सकाळी प्लेटलेट परत तपासायच्या आहेत.