स्लीपमधून उठवल्यावर एसएसडी मंद, रीस्टार्ट केला की पुन्हा ठीक

रॉ_फाइल:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढतो, एडिटिंग घरच्या डेस्कटॉपवर. लिनक्स मिंट आहे. फोटोंसाठी १ टीबीची वेगळी सॅटा एसएसडी (बोर्डाला सॅटा केबलने जोडलेली डिस्क), सिस्टिम दुसऱ्या डिस्कवर. सकाळी डार्कटेबलमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ मोठ्या फाइली, पटापट उघडतात. दुपारी जेवायला जाताना मशीन स्लीपला टाकतो आणि परत येऊन उठवलं की एकेका फोटोसाठी ताटकळावं लागतं. एचडीपार्मने (डिस्कचा वेग मोजणारी कमांड) मोजलं तर सकाळी सेकंदाला ५२० एमबी, स्लीपनंतर १३०. दरवेळी होत नाही, पण बहुतेकदा होतं. दुकानदार म्हणतो एसएसडी गेली, नवीन घ्या. लग्नसराई तोंडावर आहे, पैशाचं मी बघेन. पण कारण कळल्याशिवाय लोकांच्या घरचे फोटो दुसऱ्या डिस्कवर टाकायला मन धजत नाही.

सह्याद्री_बाइट:
टीएलपी (बहुधा लॅपटॉपवर वापरतात ते वीज वाचवणारं सॉफ्टवेअर) बसवलंय का? ते सॅटा लिंकची वीज वाचवतं, तिथे गडबड होऊ शकते. नाहीतर सरळ स्लीप बंद करा.

रॉ_फाइल:
टीएलपी नाही, डेस्कटॉप आहे. स्लीप बंद करता येईल, पण मग नेमकं काय बिघडलंय ते तसंच राहील ना?

टर्मिनल_तात्या:
बरोबर बोललात, स्लीप बंद करू नका. १३० हा आकडाच बरंच सांगतोय. सॅटाचे तीन वेग असतात: १.५, ३ आणि ६ गिगाबिट. तारेवरून एक बाइट पाठवायला १० बिट लागतात, म्हणून १.५ गिगाबिटची कमाल सेकंदाला १५० एमबी. तुमची डिस्क त्या छताला टेकलीय. मरायला टेकलेली एसएसडी अशी एका ठरावीक आकड्यावर येऊन थांबत नाही, तिचा वेग वरखाली होतो.

मशीन जागं झालं की कर्नल (लिनक्सचा गाभा) लिंक, म्हणजे डिस्क आणि बोर्डामधली जोडणी, रीसेट करतो आणि डिस्कशी वेग नव्याने ठरवतो. तेव्हा चुका झाल्या तर तो वेगावर मर्यादा घालतो, आणि ती रीस्टार्टपर्यंत टिकते. मशीन मंद असतानाच डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) 'सॅटा लिंक अप' ही ओळ बघा. तिच्यात एस-कंट्रोल (लिंकच्या वेगमर्यादेचा आकडा) ३०० असेल तर मर्यादा नाही. ३१० असेल तर १.५ वर बांधलंय. शिवाय स्मार्टकंट्रोलमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) १९९ क्रमांकाची नोंद बघा, सीआरसी चुकांची, म्हणजे तारेवरून डेटा जाताना झालेल्या चुकांची. ती वाढत असेल तर संशय आधी केबलवर घ्यायचा, डिस्कवर नंतर.

रॉ_फाइल:
तात्या, तंतोतंत! १.५ गिगाबिट, एस-कंट्रोल ३१०. त्याच्या वरच 'लिमिटिंग सॅटा लिंक स्पीड' अशी ओळ आहे. १९९ पुढे ४१. रिअलोकेटेड सेक्टर (डिस्कने खराब ठरवून बदललेले भाग) शून्य.

टर्मिनल_तात्या:
मग डिस्कला हात लावू नका. मशीन बंद करून प्लग काढा. नवीन केबल घ्या, दोन्ही टोकांना धातूची क्लिप असलेली, आखूड. बोर्डावर दुसरं ६ गिगाबिटचं पोर्ट असेल तर त्यात लावा. आजचं काम अडलं असेल तर डिस्क अनमाउंट करून, सिसएफएसमधून (कर्नलची उपकरणांची यादी) तिची नोंद डिलीट करून होस्ट, म्हणजे सॅटा पोर्ट, पुन्हा स्कॅन करून बघता येईल; यात फोटो पुसले जात नाहीत. कधी कधी वेग परत मिळतो. पण सिस्टिमच्या डिस्कवर हा प्रयोग अजिबात नको.

आणि त्याआधी फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. केबलवरच्या चुका बहुतेक वेळा पकडल्या जातात आणि डेटा पुन्हा पाठवला जातो, तरी इतरांच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

रॉ_फाइल:
प्रत काढली, मग केबल बदलली. जुनी केबल कॅबिनेटच्या झाकणाखाली दुमडून दाबली गेली होती. दिवसभरात बऱ्याचदा स्लीपला टाकून उठवलं. प्रत्येक वेळी ६ गिगाबिट, एस-कंट्रोल ३००, मोजलं तर ५१५ च्या आसपास. १९९ मात्र अजून ४१ च दाखवतंय, ते शून्य करायचं कसं?

टर्मिनल_तात्या:
तो आकडा खाली येत नाही, डिस्क जन्मभराची नोंद ठेवते. ४१ वरच थांबला पाहिजे, एवढंच बघत राहा. हंगाम संपेपर्यंत आठवड्यातून एकदा तपासा. ४२ दिसला तर इथे लिहा, मग पोर्टाकडे बघू.