कातळावरच्या बागेत फिरवायला गाडी कोणती: मिनी ट्रॅक्टर, जुनी जीप की ‘साइड-बाय-साइड’?

गडगा

देवगड तालुक्यात आमची साडेसहा एकर हापूस आहे, अडीचशेच्या आसपास कलमं. अर्धी बाग कातळावर माती टाकून केलेली, अर्धी उतारावर. खळ्यापासून माथ्यापर्यंत पाणंद जाते, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी बांध. सगळ्यात अरुंद जागी टेप लावून मोजलं, सहा फूट दोन इंच.

काम तसं ठरलेलंच. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत फवारण्या, म्हणजे दोनशे लिटरचं पिंप आणि एचटीपी (जास्त दाबाने फवारणारा) पंप वर चढवायचा. मार्च-एप्रिल-मे क्रेट खाली आणायचे. भर हंगामात दिवसाला चाळीस क्रेट होतात, एकेक वीस-बावीस किलोचा. पावसाच्या तोंडावर शेणखत. आजवर हे सगळं माणसांच्या डोक्यावरून झालं. आता डोक्यावर घेणारी माणसं मिळत नाहीत आणि दोघे नेपाळी गडी किती पुरे पडणार?

परदेशात शेतावर ‘साइड-बाय-साइड’ नावाची गाडी वापरतात. शेजारी शेजारी दोन सीट, वर लोखंडी पिंजरा, मागे हौदा, चारही चाकांना जोर, कारसारखं स्टिअरिंग. माझं मत सरळ आहे: चढाच्या बागेला मिनी ट्रॅक्टर हा नाइलाज आहे, खरी गाडी हीच. नको म्हणणाऱ्यांनी कारणं द्यावीत.

जुना_फिटर

कारण एकच. बेअरिंग गेलं तर कणकवलीत मिळेल का?

तुम्ही म्हणता तसली गाडी आपल्याकडे येऊन गेली, साहेब. २०१५ साली आयशर आणि पोलॅरिस या कंपन्यांनी भागीदारीत ‘मल्टिक्स’ काढली. जयपूरजवळ कारखाना, ५११ सीसीचं डिझेल इंजिन. माणसंही बसायची, माल भरायचा तर मागची जागा मोकळी करता यायची, वर तीन किलोवॅटपर्यंत वीज काढायची सोय. म्हणजे बागेत पंप लावा नाहीतर घरात दिवे. कल्पना झकास होती. २०२० मध्ये भागीदारीच गुंडाळली. ज्यांनी घेतली ते आता जुन्या गाड्यांचे सांगाडे शोधत फिरतात. माझ्याकडे एक जण क्लचप्लेट घेऊन आला होता, मी तीन दुकानं फिरवून परत पाठवला.

गाडी विश्वासाची आहे की नाही हे कॅटलॉगात दिसत नाही. हंगामात २० एप्रिलला बंद पडली तर २१ तारखेला चालू होते का, एवढंच मी बघतो.

वायकातोकर

न्यूझीलंडहून लिहितोय, डेअरी फार्मवर सहावं वर्ष. ही गाडी मी रोज चालवतो, म्हणून थोडं सविस्तर.

यात मुख्य दोन जाती. एकीत इंजिनाचा जोर चाकांकडे न्यायला ॲक्टिव्हात असतो तसाच रबरी पट्टा असतो, फक्त जाडजूड. चालवायला सोपी, पण वजन भरून ‘हाय’ रेंजमध्ये, म्हणजे वेगाच्या गिअरात, चढावर रेटली की पट्टा तापतो. जळक्या रबराचा वास आला की समजायचं, आजचं काम संपलं. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात हा वास येतोच. दुसरी जात हायड्रोस्टॅटिक: इंजिन तेलाचा पंप फिरवतं आणि त्या तेलाच्या दाबावर गाडी ढकलली जाते. कुबोटाच्या आरटीव्हीत ही पद्धत आहे. वेगाला मंद, आवाजाला मोठी, पण उतारावर पाय उचलला की गाडी स्वतःच आवरते. गडगाभाऊ, तुमच्या उताराला घ्यायचीच तर ही.

वजनाचं म्हणाल तर पोलॅरिस रेंजर १००० चा हौदा साडेचारशे किलोचा. तुमचे वीस-एकवीस क्रेट. दोन फेऱ्यांत दिवस निघेल.

आणि कृपा करून क्वाडच्या फंदात पडू नका, म्हणजे ती मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची चारचाकी. ती उलटली की माणूस खाली सापडतो. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या नव्या क्वाडला माणूस चिरडू नये म्हणून मागे कमान लावणं सक्तीचं झालं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी त्यापेक्षा तिथे क्वाड विकणंच सोडलं. पिंजरा आणि सीटबेल्ट असलेली साइड-बाय-साइड त्या मानाने बरी, अर्थात सीटबेल्ट बांधला तर.

जुना_फिटर

तुमच्याकडे डीलर किती लांब आहे?

वायकातोकर

वीस मिनिटं. हो, कळला मुद्दा.

बेदाणा

तासगावकडचा द्राक्षवाला. मंडळी, एवढी चर्चा झाली आणि पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या जोरावर अवजारं फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, हा शब्द कोणी काढला नाही?

गडगादादा, तुमचं निम्मं काम फवारणीचं आहे. मिनी ट्रॅक्टरला मागे पीटीओवर पंप जोडला की वेगळं इंजिन नको, वेगळं पेट्रोल नको. त्याच ट्रॅक्टरला रोटाव्हेटर, त्यालाच गवत कापायचं यंत्र, त्यालाच ट्रॉली. महिंद्राचा जिवो २४५ घ्या की कुबोटाचा बी २४४१, दोन्ही चोवीस हॉर्सपॉवरचे, चारही चाकांना जोर, आणि तुमच्या सहा फुटी पाणंदीतून आरामात जातील. आमच्या दोन ओळींत नऊ फूट असतात, आम्ही रोज फिरवतो.

पैशाचं बघा. असा ट्रॅक्टर पाच-सहा लाखांच्या घरात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. महाडीबीटीवर अर्ज लागला तर प्रवर्गानुसार लाख-सव्वा लाख अनुदान. तुमच्या त्या पिंजऱ्याच्या गाडीला बँक कर्ज तरी कशाखाली देणार? पोलॅरिसनेच २०२० मध्ये आपली स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून घेतली होती, कारण तसं केल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नव्हती. तेव्हा किंमत आठ लाखांच्या आसपास होती. आणि ती पुन्हा टांग टाकून बसायचीच, वायकातोकर नको म्हणतात ती.

गडगा

बेदाणा, तुमची बाग टेबलासारखी सपाट. आमच्याकडे पाणी ओतलं तर घरात येतं. भरलेली ट्रॉली मागून ढकलायला लागली की चोवीस हॉर्सपॉवर काय करणार? आणि ट्रॅक्टरवर सीट एकच. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, रोज माथ्यावर जातात. त्यांना मडगार्डवर बसवू?

रापण

अरे गडग्या, माका एक सांग. वर्षातले किती दिस ही गाडी चालतली? आंब्याचे पस्तीस, फवारणेचे बारा, खताचे चार. झाले एकावन्न. बाकीचे तीनशे दिस ती खळ्यात उभी रवान गंजतली. आमच्याकडे खारो वारो हा, पत्र्याक भोकां पडाक दोन पावस पुरे. सहा लाख घालतलंय कशाक? वाडीत कोणीतरी ट्रॅक्टर घेतलेलो असतलो, भाड्यान आण.

बेदाणा

रापणभाऊ, तेरा मेला अख्ख्या वाडीला एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो, त्याचं काय?

रापण

तेव्हा डोक्यार घेवचा. आजोबान काय घेतल्यान?

घाटमाथा

एवढ्यात कोणी जीपचं नाव कसं घेतलं नाही? जुनी फोर-बाय-फोर डिझेल जीप घ्या, मागचं छप्पर आणि सीटा कापून हौदा करा. इंजिन गावातला कोणीही उघडतो. लो गिअरमध्ये घातली की माकडासारखी चढते. बाबा पुढे बसतील, क्रेट मागे. आमच्याकडे आहे, दीड लाखात मिळाली.

जुना_फिटर

घाटमाथा, इंजिनाबद्दल शंभर टक्के सहमत. पण कापाकापीचं जपून सांगा लोकांना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीत आहे त्यात असा बदल करता येत नाही. बागेत कोण बघतंय म्हणता, पण बाग आणि खळं यांच्यात डांबरी रस्ता आडवा असला आणि तिथे काही झालं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. आणि जुन्या जीपचं चासी आधी हातोडीने ठोकून बघा. रंग नवा असतो, आतून पापड झालेला असतो. किनाऱ्यालगतची जीप घेऊच नका, घाटावरची शोधा.

छोटा हत्तीही कोणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: बाजाराला उत्तम, पण जोर फक्त मागच्या चाकांना. रिकामा असला की ओल्या तांबड्या मातीत मागचं जागेवरच फिरत बसतं.

काजूबी

राजापूर तालुक्यात माझी स्वतःची आंबा-काजूची बाग आहे आणि मिनी ट्रॅक्टरही आहे. त्यामुळे कोणाच्या बाजूने बोलू कळत नाही, दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बोलताहेत.

तीन वर्षांपूर्वीचा मे. ट्रॉलीत बत्तीस क्रेट, म्हणजे पावणेसातशे किलोच्या आसपास. चालवणारा मुलगा रस्त्यावर ट्रॅक्टर उत्तम चालवायचा. उतारावर त्याने वेग वाढला म्हणून घाबरून क्लच दाबला. क्लच दाबला की इंजिनाचा ब्रेक संपला, ट्रॉलीने मागून रेटलं. मग त्याने ब्रेक मारला, तो एकाच चाकाला लागला, कारण डाव्या-उजव्या ब्रेकच्या पेडलांमधली खिट्टी लावलेली नव्हती. ट्रॅक्टर आडवा, ट्रॉली गडग्यावर. मुलगा गडग्यापलीकडे उडी मारून वाचला, खरचटण्यावर भागलं. बत्तीसच्या बत्तीस क्रेट कॅनिंगला, म्हणजे रसाच्या कारखान्याला गेले.

यात दोष ट्रॅक्टरचा नव्हता. नांगरताना एका चाकावर वळायला म्हणून ते ब्रेक वेगळे असतात, ट्रॉली जोडली की खिट्टी लावायचीच. उतरायच्या आधी, वर सपाटीवर असतानाच सगळ्यात खालचा गिअर टाकायचा आणि खाली पोहोचेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडायची, वरच्या लिंकला कधीच नाही, नाहीतर चढावर पुढची चाकं उचलतात. आता मी ट्रॉलीत वीसच क्रेट भरते. फेऱ्या वाढल्या, झोप लागते.

गडगा, तुम्ही ‘उतार’ ‘उतार’ म्हणताय, पण तो किती आहे? गवंड्याची लेव्हलची नळी घ्या, मोजा आणि मग बोला. दहा अंश आणि वीस अंश यांत एक गाडी वाचते आणि एक उलटते.

गडगा

काल संध्याकाळी मी आणि एक गडी, लेव्हलची नळी आणि दोन काठ्या घेऊन उभे राहिलो. नळी एका वेळी माणसाच्या उंचीएवढंच दाखवते, त्यामुळे पाणंदीचा सगळ्यात उभा तुकडा सहा टप्प्यांत मोजला. आडवं अंतर तीस मीटर, चढ आठ मीटर. म्हणजे साधारण पंधरा अंश. बाकी पाणंद याच्या निम्म्यानेही नाही. मला वाटत होतं त्यापेक्षा कमी निघालं हे कबूल करतो.

काजूबी

पंधरा अंशांवर, सरळ वर-खाली, कमी भरून, कोरड्या पाणंदीवर मी ट्रॅक्टर नेते. आडवा नेत नाही. पाऊस पडून गेला असेल तर उभाही नेत नाही.

वायकातोकर

पंधरा अंशांवर माझी गाडी जास्त निवांत चालेल हे मी अजूनही म्हणेन. दोघं बसतात, वजन गाडीच्याच अंगावर असतं, मागे ट्रॉली ढकलत नाही. फक्त दुरुस्तीच्या मुद्द्यावर फिटरकाकांना उत्तर नाही माझ्याकडे.

गडगा

साइड-बाय-साइडचा हट्ट या वर्षापुरता सोडतोय, मत सोडलेलं नाही. डीलर रत्नागिरीत जरी आला तरी हा धागा पुन्हा वर काढेन. रापणभाऊंचं अर्धं ऐकलं: शेजारच्या वाडीतला मिनी ट्रॅक्टर दोन दिवसांसाठी सांगितलाय. क्रेटमध्ये चिऱ्याचे तुकडे भरून वीस-वीस किलो करणार आणि तोच तीस मीटरचा तुकडा उतरवून बघणार, आधी दहा क्रेट, मग वीस.

बाबांना सीटबद्दल विचारलं. म्हणाले, मी चालतच जाणार, गाडीतून तुडतुडा किडा दिसत नाही. परत येताना मात्र गुडघे दुखतात, हे आईने सांगितलं.

जुना_फिटर

शनिवारी करणार असाल तर मी येतो. मालकाला आधीच सांगून ठेवा, टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं आहे की नुसती हवा, ते बघायचंय. आणि ती खिट्टी जागेवर आहे का, ते फोनवरच विचारा. भाड्याच्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा ती तारेने बांधलेली असते.