सेक्युलर वातावरणात विश्वासाविषयी बोलणं: सहा बैठकांच्या वर्गाचा आराखडा तपासून द्याल का?

अभ्यासगट_समन्वयक

नमस्कार. चर्चमधल्या दहा-बारा तरुणांसाठी सहा बैठकांचा वर्ग ठरतो आहे, प्रत्येक बैठक दीड तासाची. सहकारी किंवा सहाध्यायी देवाविषयी, बायबलविषयी काही विचारतात तेव्हा उत्तर कसं द्यायचं, आणि कोणी विचारत नसेल तर आपण होऊन विषय काढायचा का, हा वर्गाचा गाभा. समोरची माणसं विरोधक नाहीत. "तुला पटतंय ना, मग झालं" एवढं म्हणून ती विषय संपवतात.

सध्याचा क्रम: १) देव आहे का, २) विज्ञान आणि विश्वास, ३) बायबल विश्वसनीय आहे का, ४) पुनरुत्थान (येशूचं मरणातून उठणं), ५) दुःखाचा प्रश्न, ६) साक्ष (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव) कशी द्यावी.

क्रम योग्य आहे का? चर्चमध्ये सर्रास सांगितले जाणारे पण बाहेर न टिकणारे मुद्दे कोणते? आणि कामाच्या ठिकाणी मर्यादा कुठे आखावी?

---

पायवाट

क्रम बदला. "देव आहे का" पासून सुरुवात केलीत तर दोन बैठका तत्त्वज्ञानात जातील, आणि तुम्ही वर्णन केलेल्या माणसाला तो प्रश्न पडलेलाच नाही. चार्ल्स टेलर या कॅनडाच्या तत्त्वज्ञाने २००७ मध्ये सेक्युलर समाजाची केलेली उकल इथे उपयोगी पडते. धर्म राज्यकारभारातून बाजूला झाला किंवा उपासनेला येणारे कमी झाले, एवढ्यावर तो थांबत नाही. देवावर विश्वास ठेवणं हा अनेक पर्यायांपैकी एक होतो, आणि बऱ्याचदा सगळ्यांत सोपा पर्यायही राहत नाही, यावर त्याचा भर आहे. अशा माणसापुढे पुराव्यांची चळत मांडली तर तो सभ्यपणे ऐकून घेईल, बस.

म्हणून पहिली बैठक ऐकण्याची ठेवा. त्यासाठी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १३ आणि १७ शेजारी-शेजारी वाचा. १३ व्या अध्यायात प्रेषित पौल यहुद्यांच्या सभास्थानात बोलतो आणि मिसर देशापासून दाविदापर्यंत इस्राएलाचा इतिहास सांगतो. १७ व्या अध्यायात तो अथेन्समध्ये आहे. तिथे तो "अज्ञात देवाला" असं लिहिलेल्या वेदीपासून सुरुवात करतो आणि दाखला देतो तो त्यांच्याच एका कवीचा, अरातसचा. शास्त्रवचन म्हणून एकही वचन सांगत नाही. शेवटी मात्र तो पुनरुत्थानावर येतोच, आणि हसू तिथेच होतं. काही थट्टा करतात, काही "पुन्हा कधीतरी ऐकू" म्हणतात, दियनुस्य, दामारी आणि आणखी काही जण विश्वास ठेवतात. तरुणांना हे तिन्ही परिणाम आधीच माहीत असले म्हणजे थट्टा झाली की आपलं चुकलं असं त्यांना वाटणार नाही.

सराव असा घ्या. तिघांचा गट करा: एक विचारणारा, एक उत्तर देणारा, एक निरीक्षक. पहिली पाच मिनिटं उत्तर देणाऱ्याने उलट प्रश्नच विचारायचे, उदाहरणार्थ "असं कशावरून वाटतं?", "देव म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर नेमकं काय येतं?". मग त्याने समोरच्याचं म्हणणं दोन वाक्यांत परत सांगायचं. विचारणारा "हो, हेच" म्हणाला तरच उत्तराकडे वळायचं. निरीक्षकाने फक्त प्रश्न मोजायचे. बहुतेक गट इथेच अडतात, कारण ज्याच्याकडे उत्तर तयार असतं तो प्रश्न अर्धाच ऐकतो.

दुसऱ्या बैठकीत येशूविषयीची साधनं, तिसरीत पुनरुत्थान, चौथीत दुःख, पाचवीत देव आणि विज्ञान एकत्र, सहावीत साक्ष. पुनरुत्थान मागे ढकलू नका. ते झालं नसेल तर विश्वास व्यर्थ, असं पौल स्वतःच म्हणतो (करिंथकरांस पहिलं पत्र, म्हणजे १ करिंथ १५:१४), म्हणजे परीक्षा कुठे व्हायची ते त्यानेच ठरवून दिलं आहे.

---

पपायरस

दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीबद्दल लिहितो. न टिकणारे मुद्दे सगळ्यांत जास्त इथेच सापडतात.

आधी जे टिकतं ते. येशू होऊन गेला आणि रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या काळात त्याला क्रूसावर दिलं गेलं, याबद्दल विश्वास न ठेवणाऱ्या इतिहासकारांतही जवळजवळ एकमत आहे. शुभवर्तमानांच्या (येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांच्या) बाहेरचे तीन उल्लेख मुलांना माहीत हवेत. यहुदी इतिहासकार योसेफस (इ.स. ९३-९४) "ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब" याच्या मृत्यूची नोंद करतो. रोमन अधिकारी प्लिनी (सुमारे ११२) सम्राटाला कळवतो की हे लोक पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. रोमन इतिहासकार टॅसिटस (सुमारे ११६) पिलाताच्या हाताखाली झालेल्या देहदंडाचा उल्लेख करतो. योसेफसच्या ग्रंथाच्या १८ व्या भागातला येशूवरचा प्रसिद्ध उतारा मात्र जसाच्या तसा वापरू नका. त्यात नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. समोरच्याने ते दाखवून दिलं तर वरच्या तीन भक्कम साक्षीही वाया जातात.

पुनरुत्थानासाठी १ करिंथ १५:३-८ वर वेळ घालवा. पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ मधलं. पण "मला जे मिळालं तेच मी तुम्हांला दिलं" असं म्हणत पौल त्याहून जुनं सूत्र सांगतो. गेर्ड ल्यूडेमान या जर्मन अभ्यासकाने पुनरुत्थान घडलं हे नाकारलं, तरी या सूत्रातला मजकूर त्याने क्रूसानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलाच मानला. त्याला पौलाच्याच गलतीकरांस पत्रातलं १:१८-१९ जोडा: पौल यरुशलेमेत केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. "ही दंतकथा शंभर-दोनशे वर्षांनी रचली" या आक्षेपाला एवढं पुरतं. यातून पुनरुत्थान सिद्ध होत नाही. ते पाहिल्याचा दावा अगदी सुरुवातीपासून होता, एवढंच सिद्ध होतं. ही सीमा मुलांना स्वतःच्या तोंडाने सांगता आली पाहिजे.

आता वहीत लाल शाईने लिहून ठेवायचे मुद्दे.

"पाचशे साक्षीदार आहेत." नाही. पाचशे जणांचा उल्लेख करणारा एक पौल आहे. त्यांतले बरेच अजून हयात आहेत असं तो लिहितो, हे महत्त्वाचं आहे, पण पाचशे स्वतंत्र साक्षी आपल्या हातात नाहीत.

"सगळे प्रेषित विश्वासासाठी मेले." जुना, भक्कम आधार आहे तो पेत्र, पौल, जब्दीचा मुलगा याकोब (प्रे. कृ. १२:२) आणि प्रभूचा भाऊ याकोब यांच्याबद्दल. इतरांच्या बऱ्याच कथा उशिराच्या आहेत. शिवाय मरायला तयार असण्यातून प्रामाणिकपणा दिसतो, सत्य नव्हे. मुद्दा तरीही उरतो तो असा की आपण सांगतो ते खरं की बनाव, हे या चौघांना स्वतःला ठाऊक असणार होतं. पुढच्या पिढीच्या हुतात्म्यांबद्दल तसं म्हणता येत नाही.

"नव्या कराराच्या हजारो हस्तलिखितांत काहीच फरक नाही." ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत, पण बहुतेक मध्ययुगीन. फरक लाखांनी मोजले जातात. त्यांतले बहुसंख्य शुद्धलेखनाचे, शब्दक्रमाचे. मोठे दोन तुम्हीच आधी सांगा: मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११, हे दोन्ही उतारे सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. हे बाहेरच्याकडून पहिल्यांदा कळलं की धक्का बसतो. चर्चमध्ये कळलं तर ती माहिती असते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहाताएवढा तुकडा, पी५२, "नक्की १२५ सालचा" म्हणून सांगितला जातो. तो काळ हस्ताक्षरावरून काढलेला अंदाज आहे. दुसरं शतक म्हणा आणि थांबा. २०१२ मध्ये मार्काच्या "पहिल्या शतकातल्या" तुकड्याचा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा काळ निघाला दुसऱ्या शतकाचा शेवट किंवा तिसऱ्याची सुरुवात. तोवर ते वाक्य किती प्रवचनांत जाऊन बसलं होतं, देव जाणे.

चुका विरोधी बाजूकडेही आहेत. "३२५ साली निकिया परिषदेने (बिशपांच्या सभेने) बायबलमधली पुस्तकं निवडली" हे घट्ट बसलेलं मिथक आहे. तिथला मुख्य वाद येशू हा देवाने निर्माण केलेला आहे या एरियसच्या शिकवणीवर होता. नव्या करारात आज आहेत तीच २७ पुस्तकं देणारी आपल्याला माहीत असलेली पहिली यादी बिशप अथनेशियसच्या ३६७ च्या पत्रात आहे.

आणि डार्विनने मृत्युशय्येवर विश्वास ठेवल्याची गोष्ट कृपया कायमची पुरून टाका. ती १९१५ मध्ये छापली गेली आणि त्याच्या मुलांनीच ती खोटी ठरवली.

---

कूटप्रश्न

पपायरस यांच्या यादीत एक भर. "बिग बँगने देव सिद्ध केला" असं म्हणू नका. विश्व एका आद्य अणूपासून पसरलं ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोप पायस बाराव्याने आपल्या भाषणात ती निर्मितीच्या बाजूने वापरली, ते लमेत्रला रुचलं नाही. विज्ञानातला सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्यावर श्रद्धा टांगू नये, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? पण "विज्ञान आणि विश्वास यांचं हाडवैर" या समजाला उत्तर म्हणून लमेत्रचं उदाहरण जरूर द्या. पाचव्या बैठकीत विश्वाची सुरुवात आणि नैतिकता एवढे दोनच युक्तिवाद घ्या. पाच घेतलेत तर एकही धड सांगता येणार नाही.

खरी तयारी चौथ्या बैठकीला लागते. दुःखाचा प्रश्न दोन स्वरूपांत येतो. तर्काचा: सर्वसमर्थ, सर्वस्वी चांगला देव आणि दुष्टाई या गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत (जे. एल. मॅकी, १९५५). याला ॲल्विन प्लँटिंगाने १९७० च्या दशकात इच्छास्वातंत्र्याच्या आधारे दिलेलं उत्तर बऱ्याच निरीश्वरवादी तत्त्वज्ञांनाही पुरेसं वाटतं. पुराव्याचा: विल्यम रो याने १९७९ मध्ये वणव्यात होरपळून मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचं उदाहरण दिलं. ज्यातून काहीच चांगलं निघताना दिसत नाही असं दुःख इतकं का? इथे इच्छास्वातंत्र्य तोकडं पडतं. भूकंप, लहान मुलांचे आजार, जनावरांच्या वेदना त्यात बसत नाहीत. "आपल्याला कारण दिसत नाही म्हणजे कारण नाही, असं होत नाही" एवढंच म्हणता येतं. ते तर्काला धरून असलं तरी ऐकायला थंड वाटतं.

म्हणून विचारणाऱ्याच्या घरी दुःख आहे की तो वाद घालतो आहे, हे आधी ओळखा. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३) तोवर सगळं ठीक होतं. बोलू लागले आणि बिघडलं. स्तोत्र ८८ वर्गात मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, आशेचं वाक्य जोडून कोणी ते गोड केलेलं नाही. क्रूस इथे स्पष्टीकरण म्हणून सांगू नका. देव दुःखाच्या बाहेर उभा राहिला नाही, हा ख्रिस्ती दावा म्हणून सांगा.

---

निरीश्वर_वाचक

मी तुमच्या बाजूचा नाही, पण ऐकणाऱ्याला काय खटकतं ते सांगतो.

बायबल खरं आहे कारण बायबल तसं म्हणतं. हे ऐकलं की कान बंद होतात. "देव नसेल तर तू चांगला कसा वागतोस?" हा सरळ अपमान आहे. नैतिकतेचा युक्तिवाद असा नसतो हे मला माहीत आहे. नैतिक मूल्यांना पाया कशाचा, हा प्रश्न असतो. पण तुमची मुलं तो असाच मांडतात. धर्मयुद्धांचा विषय निघाला की "स्टालिनने किती मारले" हे तर ठरलेलंच. १०९९ मध्ये यरुशलेमेत कत्तल झाली. "हो, झाली, आणि ती येशूच्या शिकवणीच्या उलट होती" एवढं म्हणा की. पोप जॉन पॉल दुसऱ्याने मार्च २००० मध्ये चर्चच्या लोकांनी केलेल्या पापांसाठी जाहीर क्षमा मागितली, तुम्हांला काय अडचण आहे? चर्चमधल्या मुलांवरच्या अत्याचारांबद्दलही तेच. तिथे "थोड्याच लोकांनी केलं" असं म्हणणारा माणूस त्या क्षणी संस्थेचा वकील झालेला असतो.

आणखी एक. मैत्री ही योजना असेल तर ती कळते. चर्चला यायला नकार दिल्यावर जेवायला बोलावणं बंद झालं, की हिशोब उघड होतो.

---

पायवाट

वरचं शब्दशः छापून पहिल्या बैठकीत वाटा.

---

अभ्यासगट_समन्वयक

सगळ्यांचे आभार. क्रम बदलतो आहे. कामाच्या ठिकाणच्या मर्यादेचं मात्र राहिलं. आणि साक्ष किती वेळाची असावी?

---

सौम्य_उत्तर

मर्यादेसाठी आयता आधार आहे. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी जून २०११ मध्ये बहुधर्मीय जगातल्या ख्रिस्ती साक्षीबद्दल संयुक्त निवेदन काढलं. त्यातली बारा तत्त्वं एका बैठकीत वाचून होतात. पैशाचं किंवा दुसरं कसलं आमिष नको, गरज आणि आजारपण यांचा फायदा घ्यायचा नाही, दुसऱ्या धर्माबद्दल खोटं बोलायचं नाही, धर्म बदलण्याचा विचार करणाऱ्याला पुरेसा वेळ आणि पूर्ण स्वातंत्र्य द्यायचं.

ऑफिसात हे असं उतरवा. ज्याची बढती, गुण, पगार किंवा उपचार तुमच्या हातात आहेत त्याच्याशी आपण होऊन विषय काढू नका. त्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही. त्याने विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या आणि सविस्तर बोलणं त्याच्या इच्छेने, कामाच्या वेळेबाहेर, दुसऱ्या कोणाशी होऊ द्या. बरोबरीच्या सहकाऱ्याला एकदा विचारायला हरकत नाही. नको म्हणाला तर पुन्हा तो काढेल तेव्हाच. अल्पवयीन मुलांशी पालकांच्या पाठीमागे हा विषय नाही. संस्थेचे लेखी नियम असतील तर ते आधी वाचा.

साक्ष तीन मिनिटांची, लिहून काढलेली, साधारण ३०० शब्द. "तारण", "अभिषेक", "रक्ताने धुतलेले" हे चर्चबाहेरच्याला कळत नाही, त्याऐवजी काय घडलं ते सांगा. "आधी सगळं वाईट, आता सगळं छान" हा साचा टाळा. अजून न सुटलेला एक प्रश्न त्यात असू द्या. आणि तुमच्या अनुभवावर समोरचा वाद घालू शकत नाही म्हणून तेवढ्यावरच थांबू नका. तसाच अनुभव इतर धर्मांचे लोकही सांगतात, हे तो म्हणेलच. तिथे पपायरस यांची दुसरी-तिसरी बैठक कामी येते.

पुढचं पाऊल म्हणून चर्चचं आमंत्रण लगेच नको. "मार्काचं शुभवर्तमान सोबत वाचूया का?" असं विचारा. १६ अध्याय आहेत, सलग वाचलं तर दीड-दोन तासांचं काम. आठवड्याला दोन अध्याय घेतले तर आठ आठवडे. प्रत्येक वेळी तीनच प्रश्न: इथे येशू काय करतो, आजूबाजूचे लोक त्याला कोण समजतात, तुला काय खटकलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका, लिहून घ्या. १६:८ ला पोहोचाल तेव्हा त्यापुढच्या ओळींबद्दल आपणच सांगा, त्याने इंटरनेटवर शोधायच्या आत.