ब्रूस द्वीपकल्पावरील हिरव्या शिरांचे पांढरे फूल कोणते?

रानवाटा :
ऑगस्टच्या अखेरीस कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात, ब्रूस द्वीपकल्पाच्या सिंगिंग सँड्स या भागात, ह्युरॉन सरोवराच्या काठच्या पाणथळ जागेतून जाणाऱ्या लाकडी पायवाटेलगत ही फुले दिसली. दांडा वीतभर उंच, त्यावर एकच फूल, पाच पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर हिरवट शिरा. फुलाचा व्यास सुमारे ३ सेंटीमीटर होता. पाने जमिनीलगत पुंजक्याने होती आणि दांड्यावर एकच लहान पान होते. शेजारी निळ्या फुलांची एक नाजूक वनस्पती होती. मला हे कॅनडा अॅनिमोन वाटले. परंतु एका फुलात एक पुंकेसर मधोमध झुकलेला आणि दुसऱ्या फुलात मध्यभागी चार भागांची कुक्षी उघडलेली, असा फरक का असावा हे उमजले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

पाणथळ :
हे अॅनिमोन नाही. अॅनिमोनमध्ये पुंकेसर पुष्कळ असतात, पाने खोल विभागलेली असतात, आणि त्याचा बहर मुख्यतः उन्हाळ्याच्या पूर्वार्धात येतो. आपले फूल पार्नासिया प्रजातीचे आहे. इंग्रजीत त्यास ग्रास ऑफ पार्नासस म्हणतात. ओंटॅरिओत त्याच्या एकाहून अधिक जाती आढळतात आणि पाकळ्यांवरून त्या वेगळ्या करणे अवघड असल्याने वांझ, म्हणजे पराग न देणाऱ्या, पुंकेसरांकडे पाहावे. पाच खऱ्या पुंकेसरांच्या अधेमधे, पाकळ्यांच्या समोर, टोकाशी चमकदार गाठी असलेले त्यांचे फाटे दिसतात. प्रत्येक वांझ पुंकेसराला तीनच फाटे असतील तर पार्नासिया ग्लाऊका. सात ते पंधरा किंवा त्याहून अधिक बारीक तंतूंची झालर असेल तर पार्नासिया पालुस्ट्रिस, जिच्या दांड्यावरील पान तळाशी हृदयाकृती असून दांड्याला बिलगलेले असते. पार्नासिया पार्विफ्लोराचे फूल लहान आणि पाने तळाशी निमुळती असतात. आपले फूल मोठे आहे, त्यामुळे ती शक्यता मला कमी वाटते.

त्या चमकदार गाठी मधाच्या थेंबांसारख्या दिसतात, पण कोरड्या असतात. खरा मधुरस वांझ पुंकेसरांच्या तळाशी असतो.

हेमपुष्प :
आपण टिपलेला फरक वयाचा आहे. पार्नासियाचे पाच पुंकेसर एकाच वेळी पिकत नाहीत. साधारण दिवसाला एक या क्रमाने एकेक पुंकेसर लांबतो, बीजांडकोशावर झुकतो, पराग सोडतो आणि मग बाहेरच्या बाजूस वळतो; पाचही आटोपल्यानंतरच कुक्षी पराग स्वीकारण्यास तयार होते. त्यामुळे एका फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडण्याची शक्यता घटते. पहिले फूल पुंकेसरांच्या अवस्थेतले होते, दुसरे त्यापुढच्या.

जागेचा पुरावाही महत्त्वाचा आहे. ब्रूस द्वीपकल्पाचा खडक डोलोमाइटी चुनखडीचा असून चुनायुक्त पाणी झिरपणारी अशी ओली जागा ग्लाऊकाला मानवते. शेजारची निळी फुले बहुधा काल्म लोबेलियाची असावीत. तीही अशाच जागी वाढते. अँड्रेना पार्नासिई ही जमिनीत बीळ करून राहणारी एकटी मधमाशी पिलांसाठी पार्नासियाचेच पराग गोळा करते, म्हणून या फुलांचा ताटवा तिच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

याच प्रजातीची पार्नासिया नुबिकोला उत्तराखंडातील फुलों की घाटीत पाहता येते. पूर्वी पार्नासियाला सॅक्सिफ्रागेसी कुळात ठेवत असत. आता ती आपल्या मालकांगोणीच्या सेलास्ट्रेसी कुळात गणली जाते.

रानवाटा :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. छायाचित्र मोठे करून पाहिले. फाटे प्रत्येकी तीनच आहेत. खात्रीसाठी एखादे रोपटे आणावे का, असा विचार मनात आला होता.

पाणथळ :
कृपया आणू नये. तो भाग राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तेथील वनस्पती तोडण्यास किंवा उपटण्यास बंदी आहे. शिवाय तीन फाटे स्पष्ट दिसत असताना नमुन्याची गरजच उरत नाही. पुन्हा जाणे झाले तर लाकडी वाटेवरूनच दांड्यावरच्या पानाचे बाजूने आणि तळपानांचे वरून छायाचित्र घ्यावे. फुलाच्या समोरून घेतलेल्या चित्रात हे दोन्ही तपशील सहसा झाकले जातात.