शब्दचर्चा: नस दबल्यावर मायलिन 'झिजते' म्हणावे का?

विचारणा
कार्पल टनेल सिंड्रोमवर (मनगटातली नस दबण्याच्या आजारावर) रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहीत आहे. त्यात एक वाक्य असे आहे: 'मनगटातली नस दीर्घकाळ दबून राहिली की तिच्यावरचे मायलिन झिजते.' इथे 'झिजणे' योग्य आहे का? शिवाय मायलिनला मज्जावरण म्हणू, मेदावरण म्हणू, की मूळ शब्दच ठेवू?

उत्तर
'झिजणे' टाळा. झिजलेले परत भरून येत नाही असेच वाचणारा समजतो, आणि इथे नेमके तेच खरे नाही. मायलिन म्हणजे श्वॉन पेशीच्या (नसेतल्या तंतूंना लपेटणाऱ्या आधारपेशीच्या) पटलानेच अक्षतंतूभोवती, म्हणजे संदेश वाहणाऱ्या तंतूभोवती, घेतलेले वेढे. 'वायरवरचे प्लास्टिक' ही उपमा सगळीकडे दिसते, पण प्लास्टिक निर्जीव असते. हे आवरण जिवंत पेशीचा भाग आहे आणि दाबाला ते प्रतिसाद देते.

मनगटातल्या अरुंद बोगद्यातून (हाच कार्पल टनेल) नऊ स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि मध्यिका चेता, म्हणजे इथे दबणारी नस, जाते. आतला दाब एरवी पाऱ्याच्या काही मिलिमीटरइतकाच असतो. या आजारात तो ३० च्या आसपास किंवा वर गेलेला आढळतो. आधी चेतेतला रक्तप्रवाह मंदावतो, सूज येते. दाब महिनोन्महिने टिकला की श्वॉन पेशी जुने वेढे मोडून काढतात, या पेशींची संख्या वाढते आणि त्या नव्याने वेढे घालतात. हे नवे वेढे पातळ असतात, आणि रॅनव्हिएच्या दोन गाठींमधले (आवरणात ठरावीक अंतराने येणाऱ्या उघड्या जागांमधले) अंतरही पूर्वीपेक्षा कमी भरते. संदेश एका गाठीवरून दुसरीवर उड्या घेत जातो. त्यामुळे पातळ आवरण आणि जवळजवळच्या गाठी म्हणजे मंद संदेश. निरोगी मध्यिका चेतेत हा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा जास्त असतो; या आजारात मनगटाशी तो घटलेला दिसतो, आणि एनसीव्ही (चेतेतल्या संदेशाचा वेग मोजणाऱ्या) तपासणीत डॉक्टर हेच मोजतात.

म्हणून 'आवरण विरळ होते' किंवा 'पातळ होते' असे लिहा. 'विरळ' मला जास्त आवडतो, कारण काही जागी आवरण मुळीच उरलेले नसते.

आणखी एक उत्तर
मज्जावरण शब्द व्युत्पत्तीला धरून आहे. 'मायलिन' ग्रीकमधल्या मज्जावाचक शब्दावरून आला; जर्मन वैद्यक रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८५४ मध्ये तो रूढ केला. आपला 'मज्जातंतू'ही त्याच घरातला. पण आज रुग्ण मज्जा म्हटले की हाडातली मज्जा समजतो. मेदावरण रसायनाच्या दृष्टीने चोख आहे, कारण मायलिनच्या कोरड्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. तरी 'मेद' वाचून कोणी वजन कमी करायला निघेल! 'मायलिनचे आवरण' पुरेसे आहे.

विचारणा करणाऱ्यांकडून
आणि 'नस'? रक्त काढताना सिस्टरही 'नस सापडत नाही' म्हणतात.

उत्तर
म्हणूनच पहिल्या उल्लेखात 'चेता, म्हणजे बोलीतली नस' असे लिहा, पुढे नस चालेल. लोक 'नस दबली' असेच सांगत येतात, तो शब्द पत्रकातून काढू नका.

मला जास्त काळजी 'मुंग्या येणे'ची आहे. मांडी घालून बसल्यावर पायाला येणाऱ्या मुंग्या उठल्यावर काही मिनिटांत जातात. त्यात मायलिनला काही झालेले नसते. रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू वारंवार बधीर होऊन जाग येते, ती गोष्ट वेगळी. दोन्हीला 'मुंग्या' म्हणून सोडून दिले तर माणूस वर्ष काढतो, आणि तोवर आवरणाच्या पलीकडे खुद्द अक्षतंतूच मरू लागतात. मग अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा वाळतो. आवरण दाब काढल्यावर काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा तयार होऊ शकते. अक्षतंतू मात्र दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, आणि वाळलेला स्नायू पूर्ववत होईलच असे नाही. पत्रकात हा फरक यायलाच हवा.

माझा मसुदा: 'मनगटातली नस दीर्घकाळ दबून राहिली की तिच्यावरचे मायलिनचे आवरण विरळ होते आणि संदेश मंदावतात. दाब वेळेत काढला तर हे आवरण पुन्हा तयार होऊ शकते. उशीर झाला तर आतला तंतूच मरतो आणि अंगठ्याची ताकद कमी होते.'