शिकणाऱ्या मुलीच्या हातात कार्बनची बॅट द्यावी का?

पर्वतीकरीण:
लेक अकरा वर्षांची. दीड वर्ष टेबल टेनिस खेळतेय. आतापर्यंत तयार बॅटवर भागलं, पण त्या बॅटचं रबर आता इतकं गुळगुळीत झालंय की चेंडूला फिरकीच बसत नाही. दुकानात गेले तर दुकानदारानं सरळ कार्बनचं ब्लेड (रबराखालची फळी) आणि जाडातलं जाड रबर पुढे ठेवलं. म्हणे, "ताई, नाहीतर वर्षात पुन्हा यावं लागेल." रिकाम्या हाताने परत आले.

माझ्या मते या वयात पाच थरांचं निव्वळ लाकडी ऑलराउंड ब्लेड आणि खाली १.८ मिलिमीटर स्पंजचा थर असलेलं साधं रबर पुरे. मी कॉलेजात असताना भरपूर खेळलेय. कार्बनसारखी वेगवान बॅट नुसती आडवी धरली तरी चेंडू पलीकडे जातो. पोरगी गुण मिळवते, आपण टाळ्या वाजवतो, आणि फोरहँड अर्धाच राहतो. कमरेतून वळायची, पाय हलवायची तिला गरजच पडत नाही. संथ बॅट लगेच चुगली करते: फटका अर्धवट मारलास की चेंडू जाळीत. कुणाचं वेगळं मत आहे?

टॉपस्पिन औंध:
आहे. ताई, तुम्ही खेळायचात तेव्हा चेंडू ३८ मिलिमीटरचा होता की ४० चा? २००० साली तो मोठा झाला, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं. दोन्ही वेळा फिरकी कमी झाली. तुम्ही म्हणता तसल्या साध्या रबरांपैकी यासाका कंपनीचं मार्क व्ही १९६९ चं, बटरफ्लाय कंपनीचं स्रायव्हर त्याच्याही आधीचं. त्या चेंडूसाठी केलेली रबरं आजच्या पोरांना संस्कार म्हणून लावायची का?

माझ्या मुलाला दोन वर्षं असल्याच बॅटवर ठेवलं होतं. चेंडूत जीव यावा म्हणून लूप, म्हणजे भरपूर फिरकीचा फटका, मारताना हात पार पाठीमागे न्यायची सवय लागली. समोरच्याने नुसती बॅट धरून अडवलेला चेंडू परत आला तरी हा आपला हात आवरतोय! ती सवय मोडायला सहा महिने गेले. संथ बॅट चुगली करते हे खरं, पण कधीकधी खोटी चुगलीही करते.

जुना चॉपर:
कार्बनची बॅट म्हणजे अख्खी कार्बनची नव्हे. नियमाप्रमाणे ब्लेडची किमान ८५ टक्के जाडी नैसर्गिक लाकडाची लागते. खरा प्रश्न कार्बनचा तो पातळ थर कुठे बसवलाय हा. सगळ्यात वरच्या लाकडाच्या लगेच खाली असेल तर चेंडू टणकन सुटतो. मधल्या लाकडाला लागून असेल तर हलक्या फटक्यांना लाकडासारखीच वाटते, जोरात मारलं की कार्बन जागा होतो. दुकानदार हे सांगत नाहीत.

आणि वजन बघा हो! जाड स्पंज घेतला की वजन वाढतं. अकरा वर्षांच्या मनगटाला १८० ग्रॅमच्या वरची बॅट तासभर झेपत नाही, मग कोपर खाली पडतो आणि आपण ओरडतो, "कोपर वर!" रबर लावून झालं की बॅट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा.

डावखुरी कोथरूड:
आमच्या हॉलमध्ये निम्म्या मुलींना बॅकहँडला लांब पिंपल्स, म्हणजे बाहेर लांब दाणे असलेलं रबर, हवेत. कारण काय, तर २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी मनिका बत्रा तशी खेळते. समोरच्या मुली चुका करतात, ही जिंकते, आई खूश! आणि हिला बॅकहँडने टॉपस्पिन मारताच येत नाही. निदान दोन वर्षं दोन्ही बाजूंना साधं रबर ठेवा.

पर्वतीकरीण:
पिंपल्सचा विचारच नाही. पण २०२३ च्या जुलैत बालेवाडीला अल्टिमेट टेबल टेनिस लीग बघायला गेलो होतो, तेव्हापासून लेकीला "त्यांच्यासारखी" बॅट हवी आहे. भोग माझे.

मल्टीबॉल:
तुमची खरी अडचण मेलेलं रबर आहे, त्याबद्दल कुणी बोलतच नाही. पुण्याच्या पावसाळ्यात तर चांगल्या रबरावरही दमटपणा बसतो, चेंडू घसरतो आणि पोरांना वाटतं फटकाच चुकला. खेळून झालं की ओल्या स्पंजने पुसा, वाळू द्या, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद लावा. कार्बनचे वाचलेले पैसे शंभर चेंडूंत घाला. टोपलीतून एकामागोमाग चेंडू टाकून रोज अर्धा तास एकच फटका घोटवा.

टॉपस्पिन औंध:
हे मान्य. पण दोनशे वेळा चुकीचा फटका घोटला तर?

मल्टीबॉल:
मग बॅट कुठलीही आणा, तेच होणार.

पर्वतीकरीण:
औंधवाले, प्लॅस्टिकच्या चेंडूचा मुद्दा मी धरला नव्हता. ब्लेड लाकडीच घेणार, ते नक्की. फोरहँडला मात्र नव्या पद्धतीचं, चेंडू घट्ट पकडणारं रबर, २ मिलिमीटर. बॅकहँडला १.८. आधी काटा, मग खरेदी.

टॉपस्पिन औंध:
चालेल. हात पाठीमागे जाताना दिसला की मला आठवा.